पाच नंबरची बुटकी

माझ्या दुकानाला पाटी कधीच नव्हती. कोल्हापुरात उद्यमनगरात शिरून "बुटक्या गाड्यांचा इस्माईल मिस्त्री कुठं बसतो?" असं विचारलं की लोक बोट दाखवायचे आणि दाखवता दाखवता हसायचे. त्यांचं चुकत नव्हतं. सगळं उद्यमनगर पाण्याचे पंप, तेलावरची इंजिनं आणि ओतकाम यांच्या ऑर्डरींत गळ्यापर्यंत बुडालेलं असायचं, आणि मी एकटा अशा गाड्या दुरुस्त करत बसलेला असायचो ज्यांना कुठंच जायचं नव्हतं. दार नाही, टप नाही, दिवा नाही, हॉर्न नाही, आणि बसायला जागा एकाच माणसाची. माझे सासरे मरेपर्यंत चारचौघांत "आमचे जावई खेळणी करतात" अशी माझी ओळख करून द्यायचे.

दिवाळी अंकासाठी धंद्याविषयी लिहा असा निरोप आला तेव्हा आधी मी नको म्हणालो. हातात पान्हा धरलेल्या माणसाला लेखणी जड जाते, हे एक कारण. दुसरं कारण खरं होतं. या धंद्याविषयी लिहायला बसलो तर एक गोष्ट सांगावीच लागेल हे मला माहीत होतं, आणि ती मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. सांगायला घरात तरी कोण होतं? बायको जुबेदा लवकर गेली, मुलगी लग्न होऊन मिरजेला. मी बहुतेक वेळा दुकानातच जेवायचो.

तर आधी गाडी म्हणजे काय ते सांगतो. ही बुटकी म्हणजे शर्यतीची गाडी, इंग्रजीत तिला मिजेट म्हणतात. लांबीला दीड खाट, उंचीला माणसाच्या कमरेइतकी, चाकं बाहेर उघडी आणि पुढं मोटारसायकलचं इंजिन. संस्थान विलीन झालं आणि दरबारच्या गॅरेजात राबलेल्या मिस्त्र्यांच्या हाताला काम उरलं नाही. त्यांतल्या कुणीतरी परदेशी मासिकात अशा गाडीचं चित्र पाहिलं, आणि या पठ्ठ्यांनी नुसत्या चित्रावरून, मापाबिपाशिवाय, सात गाड्या उभ्या केल्या. गावाबाहेरच्या माळावर मातीचा गोल आखला. लोक कुस्तीला यायचे तसे शर्यतीला यायचे. हलगी कडाडायची, गाड्या गोल गोल फिरायच्या, आणि घरी जाताना सगळ्यांच्या दातांत माती असायची. चार-पाच वर्षं हे चाललं. मग एक अपघात झाला, एक माणूस गेला आणि शर्यती कायमच्या बंद पडल्या. सात गाड्या सात दिशांना गेल्या. कुणी इंजिन काढून विहिरीवर बसवलं, कुणी चाकं हातगाड्याला लावली, कुणी सांगाडा परड्यात टाकून दिला.

मी यातली एकही शर्यत पाहिलेली नाही. मी कोल्हापूरला आलो तो साठ सालाच्या पुढं, आणि दत्तू तात्यांच्या हाताखाली कामाला लागलो. तात्या दरबारच्या गॅरेजातलेच. उंच, हडकुळे, बोलायला कंजूष. लोखंडाचं काम त्यांच्यासारखं करणारा माणूस मी नंतर पाहिला नाही. स्वतः घडवलेल्या प्रत्येक वस्तूवर ते सेंटरपंचानं तीन बारीक ठिपके मारायचे, त्रिकोणात. सही म्हणा हवं तर. खंडेनवमीला सगळी हत्यारं पाटावर मांडायचे आणि हळद-कुंकवाची वाटी माझ्यासमोर धरायचे. "तुझा हातोडा हाय, तूच लाव," म्हणायचे. मी लावायचो. बापानं शिकवलं नाही इतकं त्यांनी मला शिकवलं. त्यातली मुख्य शिकवण एकच होती: "मोडलंतं हे दिसता कामा न्हाय, इस्माईल. दिसलं तर तू मिस्त्री कसला?"

सत्तरच्या पुढं पैसेवाल्या लोकांना जुन्या गाड्यांचा नाद लागायला सुरुवात झाली. परड्यात पडलेली बुटकी एखाद्याच्या नजरेस पडायची आणि ती आमच्याकडे यायची. नुसती दुरुस्त करून द्या असं कुणी म्हणत नसे. ही कुणाची, कुणी चालवली, कितव्या नंबरची, हेही हवं असायचं. मग मी ब्लेड घेऊन रंग खरवडायचो. कांद्यासारखे पापुद्रे निघतात. वरचा लाल, खाली हिरवा, त्याखाली पांढरा, आणि नशीब असेल तर पांढऱ्याखाली जुना आकडा. त्यानंतर म्हाताऱ्यांच्या ओसऱ्या झिजवायच्या. म्हातारे मुद्दाम खोटं सांगत नाहीत, पण एकाच्या गाडीवर दुसऱ्याला बसवून मोकळे होतात.

गिऱ्हाइकांची एक गोड खोड होती. ज्याला त्याला आपली गाडी महाराजांचीच हवी असायची. एका ठेकेदारानं तर मला वर्षभर छळलं. त्याची गाडी आतून उघडली तर नाकाच्या पत्र्यावर उलटी अक्षरं निघाली, "थंडगार". सोडावॉटरच्या कारखान्याची पाटी ठोकून कुणीतरी गाडीचं नाक केलं होतं. मी ते त्याला दाखवलं. त्यानं बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "मिस्त्री, महाराजांनी सोडा मागवला असंल की!" मी कपाळाला हात लावला. तो शेवटपर्यंत आपल्या मुद्द्यावर ठाम होता.

पाच नंबरची बुटकी आली ती कागलकडच्या एका बागायतदाराकडून. त्यांनी ती भंगारवाल्याकडून उचलली होती. नाक आत गेलेलं, पुढचा आस वाकलेला, आणि स्टेअरिंगचा आर्म मधोमध मोडलेला. आर्म म्हणजे वीतभर लांबीचा लोखंडी दांडा. हातातल्या चाकाचं फिरणं तो पुढच्या चाकांपर्यंत नेतो. तो तुटला की माणूस कितीही चाक फिरवो, गाडी आपल्या मर्जीनं जाणार. रंग खरवडला, पांढऱ्याखाली पाचाचा आकडा निघाला, आणि मी ओळखलं की अपघात झाला तो हिचाच. म्हाताऱ्यांकडून गोष्ट ऐकलेली होती. शंकर नावाचा चालवणारा. वळणावर त्यानं एक हात सोडून लोकांना हात केला, गाडी वळलीच नाही, सरळ दगडी बांधावर गेली. "मिजाशीनं मेला," असं सगळे सांगायचे. माझ्या दृष्टीनं गाडीचा इतिहास लागला होता. मी खूष होतो.

बागायतदारांना गाडी पळवायची नव्हती, बंगल्याच्या पोर्चमध्ये उभी करायची होती. त्यामुळे नवा आर्म घडवायच्या ऐवजी जुनाच जोडायचं ठरवलं. तो मोडलेल्या जागी ग्रीसच्या गोळ्यात बुडालेला होता, त्यामुळे इतकी वर्षं जाऊनही त्याला गंज चढला नव्हता. वेल्डिंग करायचं तर मोडलेल्या कडा घासून उतरत्या कराव्या लागतात. मी दोन्ही तुकडे रॉकेलनं धुतले आणि ग्राइंडर हातात घेतला.

तात्या तेव्हा थकले होते. काम करत नसत, पण रोज येऊन स्टुलावर बसायचे. त्या दिवशी त्यांनी हात पुढं केला. "आण बघू." मी तुकडे दिले. दाराच्या उजेडाला धरून त्यांनी ते बराच वेळ फिरवून फिरवून पाहिले. मग परत दिले आणि म्हणाले, "घास. साफ घास."

मी घासले. मोडीची दोन्ही तोंडं, आणि वेल्ड नीट बसावा म्हणून आजूबाजूचं बोटभरही. ठिणग्या उडाल्या, लोखंड आरशासारखं झालं. मग जोडलं, पुन्हा घासलं, काळा रंग दिला. कुठं मोडला होता ते मला स्वतःला शोधावं लागलं असतं. तात्या म्हणाले, "आता दिसत न्हाय." त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही, भूक नाही म्हणाले, आणि लवकर घरी गेले. मला त्यात काही वाटलं नाही. पुढच्या हिवाळ्यात तात्या गेले. मी दुकानात एकटा उरलो आणि त्यांचं स्टूल तसंच दाराशी राहिलं.

पुढं बागायतदारांनी गाडी एका प्रदर्शनात मांडली. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी माझ्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या आसपास, नीटनेटकं हिरवट लुगडं, हातात कापडी पिशवी. कपाळ मोकळं. आत आल्या नाहीत.

"पाच नंबरची गाडी तुमीच केलीसा न्हवं?"

"व्हय. या की आत, आक्का."

"मी हौसाबाई. मलकापुरास्नं आलेय. शाळंत शिपाई हाय. त्या गाडीवर गेलं ते आमचं मालक."

मी घाईनं तात्यांचं स्टूल पुसलं आणि पुढं केलं. त्या बसल्या. पाणी दिलं ते नुसतं हातात धरून राहिल्या.

"वळणावर मी हुबी हुते," त्या म्हणाल्या. "लगीन होऊन सा म्हैनं झालतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आन् हात केला. समद्यांनी बघितलं. तवापास्नं आमची सासू मरंस्तवर एकच म्हणायची, तुला बघून त्यानं हात सोडला. तू हितं आली नसतीस तर माझा ल्योक जित्ता ऱ्हायला असता."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"मागं परदर्शनात गाडी बघायला गेलते. तिथं एक शिकलेला माणूस दुसऱ्याला सांगत हुता, स्टेरिंगचा दांडा मोडला हुता म्हणं हिचा. मी त्याला इचारलं, दांडा आधी मोडला का बांधावर आपटल्यावर? तर त्यो म्हणाला, मोडलेलं तोंड बघितलं की मिस्त्रीला कळतंय. खरं काय?"

खरं होतं. हळूहळू चिरत गेलेल्या लोखंडाच्या मोडीचा जुना भाग काळपट आणि गुळगुळीत असतो, शेवटचा नवा भाग खरबरीत आणि चमकदार. धक्क्यानं एकदम मोडलं तर सगळीच मोड खरबरीत. शिकाऊ पोरालाही एका नजरेत सांगता येतं. त्यासाठी नजर टाकावी मात्र लागते.

"खरं हाय," मी म्हणालो.

"मग तुमी बघितलं असंल की."

आक्कांनी इतक्या विश्वासानं विचारलं की "बघितलं, आधीच चिरला होता" हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. एक वाक्य, आणि त्या बाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला असता. पण आयुष्यभर लोकांच्या बापजाद्यांच्या खोट्या गोष्टी खोडून काढत आलेला मी, माझ्याच तोंडून ते निघेना.

"न्हाई बघितलं, आक्का. मी घासून टाकलं. साफ केलं, जोडलं, रंग दिला. आता त्यात काय बी दिसायचं न्हाई."

त्यांनी मान हलवली. पाण्याचा तांब्या न पिताच खाली ठेवला. उठताना म्हणाल्या, "लई छान केलीसा गाडी. नव्यागत दिसत्या." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

त्या गेल्यावर माझ्या डोक्यात चाकं फिरू लागली. मी धंद्याचा इतका अभिमान बाळगायचो, रंगाच्या पापुद्र्यांवरून इतिहास सांगतो म्हणून फुशारकी मारायचो. आणि जिथं खरोखरच इतिहास लिहिलेला होता, ती वीतभर जागा मीच पुसून टाकली होती. तीही कौतुकानं, चकाचक काम म्हणून! सगळ्यात वाईट म्हणजे हे कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. तात्या असते तर त्यांना विचारलं असतं, तुम्ही तर उजेडाला धरून पाहिलंत, काय दिसलं तुम्हाला? रोज सकाळी दुकान उघडलं की नजर स्टुलाकडे जायची.

मग मला आठवलं, म्हातारे सांगायचे की सातवी सोडली तर बुटक्या जोडीजोडीनं केलेल्या होत्या. एकच मिस्त्री पाच आणि सहा नंबरचे भाग एकाच वेळी घडवत असणार. सहा नंबर सापडली तर तिचा आर्म पाहता येईल. गिऱ्हाईक नसताना, कुणी सांगितलेलं नसताना, मी त्या गाडीच्या मागे लागलो. दोन वर्षं गेली. कुणी राधानगरी म्हणे, कुणी निपाणी. शेवटी गगनबावड्याच्या एका ट्रकवाल्यानं सांगितलं, आमच्या गावात एकाच्या गोठ्यात तसलं काहीतरी आहे.

गेलो. पाऊस असा की समोरचा हात दिसेना. गोठ्यात म्हशीच्या पलीकडे सहा नंबर होती, आणि तिच्या सीटमध्ये कोंबडी अंड्यांवर बसलेली. मालक दाराशी विडी ओढत उभे होते.

"पावणं, गाडी न्या की. आमाला काय करायची हाय? पण कोंबडी उठू द्या. एकवीस दिस लागत्यात."

"किती झाले?"

"चार."

मी खाली वाकून आर्म बघायला गेलो तर कोंबडीनं मनगटावर चोच मारली. रक्त आलं. मालक मोठ्यानं हसले. परतलो, सतरा दिवस मोजले आणि टेम्पो घेऊन पुन्हा गेलो. पिल्लं अंगणात फिरत होती. मालकांनी पैसे घेतले नाहीत, म्हणाले, "तुमी कोंबडीसाठी थांबलासा, बास."

दुकानात आणून आर्म सोडवला. लोखंडातली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. ती बघायची साधी रीत तात्यांनीच शिकवलेली. वस्तूवर रॉकेल लावायचं, जरा वेळानं कोरडी पुसायची आणि वर खडूची भुकटी टाकायची. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या भुकटीत काळी रेघ उमटते. मी भुकटी टाकली आणि बसून राहिलो. विडी पेटवायचंही सुचलं नाही. दांड्याला जिथं वाक दिला होता, त्या कोपऱ्यात एक रेघ उमटायला लागली आणि अर्ध्या रुंदीपर्यंत गेली. पाच नंबरचा आर्म बरोबर तिथंच मोडला होता. कोपरा गोलसर ठेवायला हवा होता, तो धारदार ठेवला होता. घडवणाऱ्याचीच चूक, आणि दोन्ही गाड्यांत तीच असणार. सहा नंबर फारशी पळालीच नाही, म्हणून तिचा टिकला.

मी खुशीनं जवळजवळ ओरडलोच. पुसायला फडकं घेतलं, आर्म उलटा केला आणि थांबलो. वाकाशेजारी बोल्टाचं भोक होतं, त्याच्या जरा वर तीन बारीक ठिपके होते. त्रिकोणात.

तात्यांनी आपण या गाड्यांचं फक्त इंजिनाचं काम केल्याचं मला सांगितलं होतं. पाच नंबरवरही त्याच जागी ठिपके असणार. तिथं मी बोटभर जास्तच ग्राइंडर फिरवला होता. मला "साफ घास" म्हणाले ते मिस्त्री म्हणून म्हणाले, की दुसरं काही त्यांच्या मनात होतं? त्यांनी मोड पाहिली होती. त्यांना न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण त्या दिवशी ते जेवले नाहीत, एवढंच मी खात्रीनं सांगू शकतो. बाकी सगळा माझा तर्क. त्या दुपारी मी त्यांच्या स्टुलावर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. राग आला होता, आणि ज्याच्यावर काढायचा तो माणूस नव्हता.

दुसऱ्या दिवशी मलकापूरला जायचं ठरवलं. आर्म कागदात गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. शेवटी कानस घेतली. ती भोकाच्या वर आठ-दहा वेळा फिरवली. ठिपके गेले. पहिल्यांदा पुसलं ते न बघता, या वेळी बघून पुसलं. मी स्वतःला सांगितलं, बाईंना ठिपक्यांशी काय करायचंय? त्यांना चिरेशी मतलब.

हौसाक्का शाळेमागच्या एका खोलीत राहायच्या. खोली स्वच्छ, दारात तुळस. मी सगळं समजावून सांगितलं, हा आर्म त्यांच्या गाडीचा नाही, जोडीच्या गाडीचा आहे, हेही आधीच सांगितलं. मग म्हणालो, "खडू हाय का घरात?"

"शाळंत हाय, पण शाळेचा कशाला? रांगोळी चालंल?"

चालली. त्यांनी स्टोव्हमधलं रॉकेल काढून दिलं. मी पुसून रांगोळी टाकली. आम्ही दोघं जमिनीवर समोरासमोर बसून वाट बघत होतो. रेघ उमटली. आक्कांनी हात लावला नाही, नुसत्या वाकल्या.

"हितं मोडला व्हय?"

"हितंच. माझ्या समजुतीनं बांधावर जायच्या आधीच. आन् आणखी एक सांगू? हातातलं चाक एकदम मोकळं झालं की माणसाचा हात आपोआप वर जातो. लोकांनी हात वर गेलेला बघितला. त्यांनी तुम्हाला बघून हात केला असंल असं न्हाई."

मला वाटलं, त्यांना हायसं वाटेल. त्यांनी बाजूला सांडलेली रांगोळी बोटानं गोळा केली.

"म्हंजे मला हात केलाच नव्हता म्हणा."

"तसं नव्हं, आक्का..."

"तसंच की. इतकी वर्सं सासूचं बोलणं खाल्लं. पण रातीला पडलं की वाटायचं, शेवटाला माझ्याकडंच बघितलं त्यांनी. त्यो हात माझा हुता." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "आता माझं पाप बी गेलं आन् त्यो हात बी गेला. असू दे. खरं ते बरं."

दुरुस्ती करायला गेलेल्या माणसानं दुसरं काहीतरी मोडून ठेवावं, तसं माझं झालं. मी निघायच्या बेतात होतो तेव्हा त्यांनी विचारलं, "ह्यो दांडा कुणी केलता?"

"म्हाईत न्हाई," मी म्हणालो. बोलायला क्षणही लागला नाही.

"कळला तर सांगा त्यास्नी. माझा राग न्हाई म्हणावं. मुद्दाम कोण करतंय? त्याच्या बी जिवाला लागलं असंल."

मी मान खाली घालून चपला शोधत होतो. एवढं ऐकल्यावर तरी बोलायला हवं होतं. त्यांनी माफी दिली होती, आणि ती ज्याची होती त्याच्यापर्यंत नेणारा मी एकटाच माणूस होतो. तरी मी बोललो नाही. आर्म परत कागदात बांधायला लागलो तर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे हितंच." तुळशीच्या कट्ट्यावर त्यांनी तो ठेवला. एसटीत खिडकीशी बसून मी कोल्हापूर येईपर्यंत बाहेर बघत राहिलो आणि काहीच दिसलं नाही.

त्यानंतर मी मोडलेली एकही वस्तू न बघता घासली नाही. मोडलेलं काढलं की तसंच ग्रीस लावून डब्यात ठेवायचं, वर चिठ्ठी, कुठल्या गाडीचं, कुठं मोडलं, कसं मोडलं. दुकान बंद केलं तेव्हा डब्यांनी फळी भरली होती. ते डबे आता घरी माझ्या खाटेखाली आहेत. मुलगी येते तेव्हा विचारते, अब्बा, हे भंगार कशाला? मी म्हणतो, कुणी विचारायला आलं तर असावं. आजवर कुणी आलेलं नाही.

हौसाक्का, हा अंक तुमच्या शाळेत येतो की नाही मला ठाऊक नाही. तुम्ही असाल आणि वाचाल या आशेनं लिहितो आहे. तो दांडा दत्तू तात्यांनी केला होता. मला हातोडा धरायला शिकवलं त्यांनी. तुमचा निरोप मी त्यांना देऊ शकलो नाही, ते आधीच गेले होते, आणि त्यांचं नाव मी तुमच्यापासून चोरलं. तुकडा तुमच्याकडंच आहे. भोकाच्या जरा वर अंगठा फिरवून बघा. जिथं गुळगुळीत लागेल, तिथं त्यांची सही होती.